दोनशे बारा विरुद्ध दोनशे बारा

१२ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये एका दुरुस्तीवर मतदान झालं. बाजूने २१२, विरोधात २१२. बरोबरी झाली की दुरुस्ती पडते असा तिथला नियम आहे, त्यामुळे ती पडली. सभापती सहसा मत देत नाहीत, पण त्या दिवशी माइक जॉन्सन यांनी दिलं, आणि तेही विरोधात. त्यांनी प्रथेप्रमाणे हात राखला असता तर निकाल उलटा लागला असता.

मला मात्र या आकड्याच्या पोटातला हिशेब अधिक थक्क करतो. बाजूने मत देणाऱ्यांत १२८ रिपब्लिकन आणि ८४ डेमोक्रॅट होते, तर विरोधात ८६ रिपब्लिकन आणि १२६ डेमोक्रॅट. आज अमेरिकेत बंदुका, गर्भपात, स्थलांतरित, कर, हवामान यांपैकी कोणताही विषय घ्या, कोण कुठे हात वर करणार हे पक्षाच्या नावावरून आधीच सांगता येतं. आणि इथे दोन्ही पक्ष मधोमध उभे चिरले गेले होते. दुरुस्ती मांडणाऱ्यांत ॲरिझोनाचे अँडी बिग्ज होते, म्हणजे रिपब्लिकनांतल्याही कडव्या उजव्या गटाचे, आणि त्यांच्या जोडीला चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल, डेमोक्रॅटांच्या डाव्या गटाच्या तेव्हाच्या अध्यक्ष. एरवी या दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.

असं काय होतं त्या दुरुस्तीत?

मागणी साधी होती. परकीयांवर पाळत ठेवताना अमेरिकी नागरिकांचे जे संदेश सरकारच्या साठ्यात येऊन पडतात, त्यात एखाद्या नागरिकाचं नाव टाकून शोध घ्यायचा असेल तर एफबीआयने आधी न्यायाधीशाकडून वॉरंट आणावं. हे काय प्रकरण आहे ते कळायला ‘कलम ७०२’ समजून घ्यावं लागतं. २००८ साली परकीय हेरगिरीविषयीच्या कायद्यात हे कलम घातलं गेलं. अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकी नसलेल्या माणसाच्या ईमेल आणि फोनवर पाळत ठेवायची असेल, तर प्रत्येक माणसासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. एक गुप्त न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धतीला मंजुरी देतं, आणि त्यानंतर अमेरिकी कंपन्यांना ती माहिती सरकारच्या हवाली करावी लागते. २०२३ मध्ये अशा लक्ष्यांची संख्या २,६८,५९० होती.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटेल, पण इथे आपला थेट संबंध येतो. पुण्यातले किंवा मडगावातले आईवडील न्यू जर्सीतल्या मुलाला ईमेल करतात तेव्हा त्या संभाषणाचं एक टोक अमेरिकी असतं आणि एक परकीय. परकीय टोकावरच्या माणसाला अमेरिकी राज्यघटनेचं या बाबतीत संरक्षण नाही. तो लक्ष्य ठरला की त्याला ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे शब्दही साठ्यात जातात, मग लिहिणारा अमेरिकी नागरिक का असेना. कायद्याच्या भाषेत ही ‘आनुषंगिक’ माहिती. परवानगी परकीयाच्या नावाने मिळवलेली असते, आणि पुढे एफबीआयचा अधिकारी त्याच साठ्यात आपल्याच नागरिकाचं नाव टाकून पाहू शकतो. बिग्ज-जयपाल दुरुस्ती नेमकं या जागी कुलूप लावू पाहत होती.

हा शोध अधूनमधून, अडीअडचणीला घेतला जात असेल असं कुणालाही वाटेल. एकट्या २०२१ मध्ये एफबीआयने अमेरिकी व्यक्तींबाबत घेतलेल्या शोधांचा सरकारी अंदाज ३४ लाखांपर्यंत जातो. टीका झाली, नियम कडक झाले, आणि २०२३ मध्ये हा आकडा ५७ हजारांच्या आसपास आला. नियम कडक केल्यावर लाखोंचे हजार होतात, यावरून आधी किती ढिलाई होती ते दिसतं.

मे २०२३ मध्ये गुप्त न्यायालयाचा एक निकाल काही भाग काळा करून जाहीर झाला. तो वाचताना हे पक्षांचं कोडं सुटायला लागतं. २०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यावर जी निदर्शनं झाली, त्यांत अटक झालेल्या १३३ जणांची नावं एफबीआयने या साठ्यात टाकून पाहिली होती. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसद भवनावर चालून गेलेल्या जमावाच्या संदर्भातही असेच हजारो शोध झाले होते. आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एका उमेदवाराला देणगी देणाऱ्या १९,००० लोकांची यादीच्या यादी चाळली गेली होती. त्यांतल्या फक्त आठ ओळखींबाबत शोध घ्यायला पुरेसं कारण होतं असं नंतर आढळलं. डावे निदर्शक, उजवे दंगेखोर, निवडणुकीला पैसे देणारे साधे लोक, सगळे एकाच खिडकीतून पाहिले गेले. २०२३ मध्येच इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार डॅरिन लाहूड यांनी जाहीरपणे सांगितलं की एका अहवालात ज्या खासदाराच्या नावाने चुकीचा शोध घेतल्याचा उल्लेख आहे, तो आपणच असावा असं त्यांना वाटतं.

दोन्ही बाजूंना चटका बसलेला आहे, आणि तो आजचा नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या फोनवर पाळत ठेवायला १९६३ मध्ये मंजुरी देणारे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी डेमोक्रॅट होते. विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून पाळत ठेवण्याचं वॉटरगेट प्रकरण घडलं ते रिपब्लिकन निक्सन यांच्या काळात. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने ही सगळी अडगळ उजेडात आणली, तेव्हा कळलं की दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षं अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या तारांच्या प्रती तार कंपन्या गुपचूप सरकारला देत होत्या. त्या चौकशीतूनच १९७८ चा कायदा आणि ते गुप्त न्यायालय जन्माला आलं. पुढे २०१९ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिलं की ट्रम्प यांच्या प्रचारातल्या एका माजी सल्लागारावर पाळत ठेवण्यासाठी त्याच न्यायालयात केलेल्या अर्जांत १७ ठळक चुका आणि गाळलेल्या गोष्टी होत्या. ज्या रिपब्लिकनांनी २००१ नंतर गुप्तचर यंत्रणांना हवं ते दिलं होतं, त्यांच्यातला मोठा गट या घटनेनंतर फिरला.

पण केवळ चटक्यांनी हे पूर्ण समजत नाही. त्यासाठी मागे, पार १७६१ च्या फेब्रुवारीत जावं लागतं. बॉस्टनमध्ये तेव्हा ब्रिटिश जकात अधिकाऱ्यांकडे ‘मदतीचे हुकूमनामे’ असत. चोरटी काकवी, चोरटी साखर शोधायची म्हणून ते कुठल्याही घरात, गोदामात, जहाजात शिरू शकत. कुणाचं घर, कशाचा संशय, हे त्या कागदावर लिहिलेलंच नसे. हुकूमनामा राजाच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर सहा महिने चाले. १७६० च्या ऑक्टोबरात दुसरे जॉर्ज वारले आणि मुदत संपत आली. नूतनीकरणाची वेळ आली तशी शहरातल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला. सरकारची बाजू मांडणं ज्यांच्याकडे आलं असतं त्या जेम्स ओटिस यांनी पदाचा राजीनामा दिला आणि ते समोरच्या बाजूने उभे राहिले. ते जवळजवळ पाच तास बोलले असं प्रेक्षकांत बसलेल्या पंचवीस वर्षांच्या एका वकिलाने नंतर लिहिलं. हा वकील म्हणजे जॉन ॲडम्स, पुढे देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले. स्वातंत्र्य नावाचं मूल त्या दिवशी त्या खोलीत जन्माला आलं, असं ते म्हातारपणी म्हणत.

ओटिस खटला हरले. पण तो राग विझला नाही, आणि १७९१ मध्ये राज्यघटनेला जी चौथी दुरुस्ती जोडली गेली तिच्यात तो उतरला. मूळ इंग्रजीत तिचे शब्द आहेत फक्त ५४. लोकांची शरीरं, घरं, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होणार नाही. वॉरंट हवं, त्याला सबळ कारण हवं, आणि कुठली जागा, कुठली वस्तू हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. नाव-गाव नसलेल्या सर्वसाधारण हुकमाचा तिटकारा त्या प्रत्येक शब्दात आहे. कलम ७०२ लाही मुदत घातलेली आहे, दर काही वर्षांनी नूतनीकरणाची वेळ येते, आणि तेव्हाच वाद पेटतो. १७६१ शी हे साम्य मला फार विलक्षण वाटतं. मुदतीचं बंधन नसतं तर २१२ विरुद्ध २१२ असं मतदान करण्याची वेळच आली नसती.

या ५४ शब्दांना तंत्रज्ञान कसकसं भिडत गेलं, ही गोष्ट तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घराबाहेरच्या तारेला जोडून फोन ऐकला तर झडती होत नाही, कारण घरात कुणी शिरलंच नाही. १९६७ मध्ये लॉस एंजलिसच्या एका फोन बूथच्या बाहेर एफबीआयने लावलेल्या ध्वनिग्राहकाचा खटला आला आणि न्यायालयाने दिशा बदलली: घटना माणसांचं रक्षण करते, जागांचं नव्हे. २००१ मध्ये ऑरेगनमधल्या एका घराचा खटला आला. त्याच्या भिंतींची उष्णता सरकारी अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून यंत्राने मोजली होती. आत गांजाची रोपं दिव्यांखाली वाढवली जात होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ही झडती ठरवली. निकालपत्र लिहिलं परंपरावादी अँटोनिन स्कालिया यांनी, आणि त्यांच्याबरोबर होत्या उदारमतवादी रूथ बेडर गिन्सबर्ग. एरवी या दोघांचं न पटणाऱ्या विषयांची यादी लांबलचक होती. भिंतीची ऊब मोजणाऱ्या यंत्राला घरातली बाई किती वाजता आंघोळ करते हेसुद्धा कळू शकतं, असा मुद्दा स्कालियांनी मांडला होता.

मग आला मोबाइल. आपला फोन खिशात नुसता असला तरी जवळच्या मनोऱ्यांशी सतत बोलत असतो, आणि कंपनी त्याची नोंद ठेवते. मिशिगन आणि ओहायोमधल्या दुकानांवरच्या दरोड्यांचा तपास करताना सरकारने एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या अशा नोंदी मिळवल्या. ठिकाणांचे बिंदू भरले १२,८९८, म्हणजे दिवसाला सरासरी शंभराच्या वर. तो कधी कुठल्या चर्चजवळ होता, रात्री कुठे झोपला, सगळं त्यात होतं. सरकारची बाजू १९७० च्या दशकातल्या निकालांवर उभी होती: बँक किंवा फोन कंपनी अशा तिसऱ्याला तुम्ही स्वतःहून दिलेली माहिती खासगी उरत नाही. घोडं पेंड खात होतं ते इथेच, कारण आज आपण सगळंच कुठल्या ना कुठल्या तिसऱ्याला देतो. २०१८ मध्ये मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी चार उदारमतवादी न्यायाधीशांच्या साथीने निकाल दिला की एवढ्या तपशिलासाठी वॉरंट हवंच. तेव्हाही पाच विरुद्ध चार.

वॉरंट सक्तीचं झालं, पण तीच माहिती विकत घेण्यावर बंदी नव्हती, आणि पुढची वाट तिथूनच फुटली.

तुम्ही हवामानाचं किंवा खेळाचं एखादं मोफत ॲप उघडता. पडद्यावर जाहिरातीची एक रिकामी चौकट असते. पान दिसायच्या आत, सेकंदाच्या काही अंशात, त्या चौकटीचा लिलाव होतो. लिलावात भाग घेणाऱ्या अनेक कंपन्यांना एक चिठ्ठी जाते: अमुक ओळख-क्रमांकाचा फोन, अमुक बनावटीचा, अमुक अक्षांश-रेखांशावर. जाहिरात एकाच कंपनीची लागते, चिठ्ठी मात्र सगळ्यांनी वाचलेली असते. काही जण ती साठवतात आणि विकतात. चिठ्ठीवर नाव नसतं हे खरं, पण जो फोन रोज रात्री एका घरात आणि दिवसा एका कचेरीत असतो, त्याच्या मालकाचं नाव शोधायला फारसं डोकं लागत नाही. या डेटा-दलालांच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी सरकारची खातीही आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की नमाजाची वेळ आणि दिशा सांगणाऱ्या, जगभर जवळजवळ दहा कोटी वेळा उतरवून घेतलेल्या एका ॲपमधली ठिकाणांची माहिती एका दलालामार्फत लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात होती. त्या ॲपने मग दलालाशी संबंध तोडला. एखादा माणूस मक्केकडे तोंड करायला फोन काढतो, आणि त्या क्षणाची नोंद विक्रीला जाते. हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ स्वस्थ बसवलं नाही.

त्या बरोबरीच्या मतदानानंतर पाचच दिवसांनी, १७ एप्रिल २०२४ ला, याच हाउसने ‘चौथी दुरुस्ती विकाऊ नाही’ अशा नावाचं विधेयक २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केलं. जे मिळवायला वॉरंट लागतं ते सरकारने पैसे टाकून घ्यायचं नाही, एवढंच त्यात होतं. १२३ रिपब्लिकन, ९६ डेमोक्रॅट. पुन्हा तीच सरमिसळ. सिनेटने मात्र ते मतदानाला घेतलंच नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण ते पोकळ नाही. कलम ७०२ मधून मिळालेली माहिती २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या रोजच्या गुप्त टिपणातल्या निम्म्याहून अधिक मजकुरात वापरलेली होती. सायबर हल्ले, दहशतवाद, अमली पदार्थांची तस्करी, सगळ्यांत तिचा उपयोग होतो. माइक जॉन्सन स्वतः आधी न्याय समितीत असताना एफबीआयच्या गैरवापरावर टीका करत होते. सभापती झाल्यावर त्यांना बंद खोलीत गुप्त माहिती दाखवली गेली आणि त्यांचं मत बदललं, असं त्यांनीच सांगितलं. मला वाटतं पक्षांच्या आतली खरी चीर इथे पडते. ज्यांना त्या खोलीत बोलावणं येतं, म्हणजे नेतृत्व आणि गुप्तचर समित्यांचे सदस्य, ते दोन्ही पक्षांत साधारण एका सुरात बोलतात. ज्यांना येत नाही ते मागच्या बाकांवरून एकमेकांचे हात धरतात. २०१३ मध्ये, गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी तिची कागदपत्रं फोडल्यावर दीड-दोन महिन्यांत, फोन नोंदींच्या सरसकट संग्रहाविरुद्धची दुरुस्ती २०५ विरुद्ध २१७ अशी पडली होती, तेव्हाही बाजूने ९४ रिपब्लिकन आणि १११ डेमोक्रॅट होते. खोली आतून पाहिलेल्या माणसाच्या चिंता खऱ्या असतील. पण बाहेरच्यांना तपासता येणार नाही अशा पुराव्यावर सगळ्या नागरिकांचा हक्क अवलंबून ठेवणं मला अजिबात मान्य होत नाही.

गल्लीबोळातली यंत्रं तर आता वॉशिंग्टनची वाटही पाहत नाहीत. अमेरिकेच्या हजारो गावांत खांबांवर सौरऊर्जेवरचे छोटे काळे कॅमेरे लागलेत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाठ ते टिपतात. नंबर वाचतात, शिवाय रंग, बनावट, छतावरची कॅरिअर, मागचं स्टिकर हेही नोंदवतात. नोंद सहसा तीस दिवस राहते आणि एका गावचे पोलिस दुसऱ्या राज्यातल्या कॅमेऱ्यांतही शोध घेऊ शकतात. मे २०२५ मध्ये बातमी आली की टेक्सासच्या एका परगण्याच्या पोलिस अधिकाऱ्याने देशभरातल्या ८३,००० हून अधिक कॅमेऱ्यांत एका बाईचा माग काढला. कारणाच्या रकान्यात तिने गर्भपात केल्याचं लिहिलं होतं. तिच्या जिवाच्या काळजीने शोध घेतला असा तिथल्या शेरीफचा खुलासा होता. शोधलेल्या कॅमेऱ्यांत वॉशिंग्टन आणि इलिनॉय या राज्यांतलेही होते, जिथे गर्भपात कायदेशीर आहे.

चेहऱ्यांची गोष्ट डेट्रॉइटची. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. घड्याळांच्या चोरीच्या धूसर चित्राशी संगणकाने त्याच्या जुन्या वाहन परवान्यावरचा फोटो जुळवला होता. चोर तो नव्हता. सुमारे तीस तास तो कोठडीत राहिला. २०२४ मध्ये शहराने तडजोड केली आणि केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही हे पोलिसांनी मान्य केलं.  चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांवर २०१९ मध्ये हाउसमध्ये सुनावणी झाली होती, तेव्हा डेमोक्रॅट एलायजा कमिंग्ज आणि रिपब्लिकन जिम जॉर्डन या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एकच काळजी बोलून दाखवली होती.

२०२५ मध्ये सत्ता बदलली आणि भीतीने कूस बदलली. जानेवारीत खासगीपणाची राखण करणाऱ्या सरकारी मंडळातल्या तीन डेमोक्रॅट सदस्यांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढून टाकलं आणि मंडळाची गणसंख्याच उरली नाही. मार्चमध्ये खात्याखात्यांतल्या माहितीच्या भिंती पाडण्याचा आदेश निघाला. एप्रिलमध्ये करखात्याने स्थलांतरितांचे पत्ते सीमाशुल्क-स्थलांतर पोलिसांना देण्याचा करार केला. करखात्याला दिलेली माहिती करापुरतीच राहील, या विश्वासावर कागदपत्रं नसलेले लाखो लोक वर्षानुवर्षं कर भरत आले होते. वर्षभरापूर्वी ज्या १२६ डेमोक्रॅटांनी वॉरंटच्या विरोधात मत दिलं, त्यांनी ते दिलं तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बायडन होते.

राज्यं मात्र आपापल्या परीने कामाला लागली आहेत, आणि त्यांतली काही अनपेक्षित ठिकाणं आहेत. न्यू हॅम्पशरच्या कायद्यानुसार गाडीचा नंबर टिपणाऱ्या यंत्राला जुळणी सापडली नाही, तर ती नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. इतरत्र तीस दिवस, तिथे तीन मिनिटं, आणि यंत्र तेच. मोंटानाच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये फोनच्या ठिकाणासाठी वॉरंट सक्तीचं केलं, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच वर्षं आधी. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांना अशी माहिती दलालांकडून विकत घेण्याचीही मनाई झाली. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यावर सही करणारे गव्हर्नर ग्रेग जिआनफोर्टे राजकारणात येण्याआधी सॉफ्टवेअर कंपनी चालवत होते.